पुरळ यावं म्हणून

तोंडाचा कॅन्सर झालाय म्हटलं की भेटायला आलेला माणूस चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारतो, "तंबाखू खायचात का हो?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग गुटखा? मग सुपारी? निदान जेवणानंतर विडा तरी? मी आवडी या चेन्नईच्या उपनगरातल्या एका शाळेत हिंदी शिकवते. चेन्नईच्या पोरांना हिंदी शिकवणं हे एकच व्यसन मला जडलं, आणि त्याने घसा बसतो, कॅन्सर होत नाही. सुरुवातीला मी हे हसून सांगायचे. पुढे तेवढाही उत्साह उरला नाही. "हो, खूप खायचे," म्हणून मोकळी व्हायचे. लोक निवांत मनाने घरी जायचे.

या आजाराच्या भीतीबद्दल पुष्कळ बोललं जातं. थकव्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझं सगळं दुखणं म्हणजे मुख्यतः थकवा होता. मरणाची भीती रोज थोडा वेळ वाटायची, कंटाळा मात्र दिवसभर असायचा. ज्यांच्या घरात हे दुखणं नव्याने आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. यात औषधांची नावं नाहीत. ती तुमचे डॉक्टर सांगतील.

दाढ

जिभेच्या डाव्या कडेला मागच्या बाजूला एक चट्टा पडला होता. मी दाढेला दोष दिला. दातांच्या डॉक्टरने दाढ घासून दिली. चट्टा तसाच. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, ग्लिसरीन झालं, आणि सासूबाईंची मणत्तक्काळी झाली. ही एक पालेभाजी आहे. तोंड आलं की इथे घरोघर करतात.

"नित्य खा कीं," सासूबाई म्हणायच्या. "तोंड अस्कें बरें होऊन सोडेल." अस्कें म्हणजे सगळं.

सासूबाई तंजावरच्या. त्यांचं घराणं मराठी राज्याबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मी मिरजेची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं, कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर म्हणतंय. त्यांना माझी मराठी उर्मट वाटली. तसं त्यांनी माझ्या नवऱ्याला, श्रीनिवासला, सांगितलंही. पंचवीस वर्षं एका घरात काढली, पण आमच्यात एक अंतर राहिलंच. मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. त्यांनीही कधी दिलं नाही. भांडण असं कधी झालं नाही.

मानेत सुपारीएवढी गाठ लागली तेव्हा मणत्तक्काळी थांबली आणि तपासण्या सुरू झाल्या.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर फार हळू बोलले. हळू बोलणाऱ्या डॉक्टरची मला तेव्हापासून धास्तीच बसलीय. बाहेर आल्यावर श्रीनिवास मला बाकावर बसवून कॉफी आणायला गेला. दोन पेले घेऊन आला. गरम कॉफी माझ्या जिभेला सोसत नाही हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. माझ्यासमोर उभा राहून त्याने दोन्ही कॉफ्या पिऊन टाकल्या. संरक्षण खात्याच्या कारखान्यात रणगाड्यांच्या भागांवर सही करणारा माणूस, पण त्या दिवशी रिकामे पेले कुठे टाकायचे ते त्याला कळेना. मला त्याची फार दया आली. माझी स्वतःची दया यायला अजून वेळ होता.

कॉलिंग बेल

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे जिभेचा बराचसा भाग आणि मानेतल्या गाठी कापून काढणं. मग बोलणं गेलं. दुसरी वाट रेडिएशनची, पण त्याच्या जोडीला द्यायचं नेहमीचं केमो माझ्या दुबळ्या किडन्यांना झेपलं नसतं. म्हणून डॉक्टरांनी एक नवं इंजेक्शन सुचवलं. आठवड्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं, आणि रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज.

"खंड पडता कामा नये," ते म्हणाले. "मध्ये थांबलात तर गाठीला उसंत मिळते. आणि याने गेलं नाही तर मग ऑपरेशनच."

हिंदीच्या बाईला जीभ नसेल तर ती काय करणार? मी हे विचारलंही. डॉक्टर हसले नाहीत.

त्या इंजेक्शनचं काम त्यांनी ज्या रीतीने समजावलं ती मी अजून विसरले नाही. म्हणाले, "मॅडम, प्रत्येक पेशीच्या दारावर कॉलिंग बेल असते. बाहेरून कुणी ती दाबली की आतली पेशी उठते आणि वाढायला लागते. या बेलला आम्ही ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर म्हणतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा या बेल फार झालेल्या असतात, आणि दिवसभर वाजत राहतात. हे औषध बेलच्या बटणावर जाऊन बसतं. दुसऱ्या कुणाला दाबू देत नाही."

"आणि चांगल्या पेशींच्या बेल?" श्रीनिवासने विचारलं. इंजिनिअरच तो.

"कातडीवर त्याच बेल असतात. म्हणून कातडी चिडते. तोंडावर, छातीवर पुरळ येईल. घाबरू नका. खरं सांगायचं तर ते आलेलं आम्हाला आवडतं. ज्यांना पुरळ जास्त येतं, त्यांच्यात औषध लागू पडताना पुष्कळदा दिसतं. पण हे वचन नाही हं."

शेवटचं वाक्य श्रीनिवासने ऐकलं. मी त्याच्या आधीचं ऐकून उठले होते.

आरशासमोर

रेडिएशनसाठी चेहऱ्याचा साचा करतात. गरम पाण्यातून काढलेली जाळीची चादर तोंडावर दाबून बसवतात, आणि ती थंड होऊन कडक झाली की तुमचा चेहरा जाळीत उमटलेला असतो. रोज तो साचा चढवून टेबलाला अडकवायचे. पहिल्या दिवशी गुदमरले. नंतर मी त्यात डोळे मिटून पाढे म्हणायचे, मिरजेच्या शाळेतले, पावकी-निमकीसकट. त्याने भीती जात नाही, पण वेळ जातो.

काही दिवसांत तोंडात जखमा झाल्या. लाळ चिकट झाली, चव गेली. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, आणि आमच्या घरात फोडणी दिवसातून चारदा. भेटायला येणाऱ्यांची रांग होतीच. कुणी गोमूत्र सुचवायचं, कुणी केरळमधला वैद्य. आमची मुलगी अपर्णा बंगळूरला नोकरीला. ती फोनवर इंग्रजीत रडायची आणि मला मराठीत तिची समजूत घालावी लागायची. प्रत्येक माणूस माझ्याकडून काहीतरी नेत होता. निदान मला तसं वाटायचं.

इंजेक्शनच्या दिवशी आमची चार-पाच जणांची बैठक भरायची. त्यात मुरुगेसन नावाचे जॉर्ज टाउन बाजारातले मिरचीचे घाऊक व्यापारी होते. गालाचा कॅन्सर. जन्मभर मिरचीच्या पोत्यांत वावरलेला माणूस आता दहीभातही डोळे मिटून गिळायचा. त्यांच्या तोंडावर पुरळ सर्वांत आधी आलं. त्या दिवशी ते असे मिरवत आले की जणू मुलीचं लग्न ठरलंय.

"बघा टीचर," ते तमिळमध्ये म्हणाले, "औषध माझ्या बेलवर बसलं."

आम्ही सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. माझा चेहरा स्वच्छ, गुळगुळीत. तरुणपणी एका मुरुमासाठी मी शाळेची सहल बुडवली होती. आता तोंडभर पुरळ यावं म्हणून देवाला हात जोडत होते.

अम्मा आली

ते आलं एका शनिवारी. दुपारी कपाळ चुरचुरायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत नाक, गाल, हनुवटी, छाती सगळीकडे लाल पुटकुळ्या. काहींच्या टोकाला पू. खाज, आग. मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले. तशीच सासूबाईंच्या खोलीच्या दारात गेले.

त्यांनी मला पाहिलं. हातातली जपमाळ खाली ठेवली, उठल्या, आणि मला नमस्कार केला. मला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"अम्मा आली अहा," त्या म्हणाल्या.

इथे थोडं सांगायला हवं. तमिळनाडूत कांजिण्या-गोवराला आजार म्हणत नाहीत. अम्मा आली म्हणतात. म्हणजे मारियम्मा देवी अंगात उतरली. दिवस उन्हाळ्याचे होते, अम्मा येण्याचेच. ती घरात असली की दाराला कडुनिंबाची डहाळी लावायची. फोडणी नाही, तळण नाही, आंबट-तिखट नाही. बाहेरच्यांनी आत यायचं नाही, आतल्यांनी बाहेर जायचं नाही. जिच्या अंगावर ती आलीय तिला देवी मानायचं, तिच्यावर ओरडायचं नाही, ती मागेल ते द्यायचं. आणि औषध तर अजिबात नाही. औषध म्हणजे अम्माचा अपमान.

श्रीनिवासने आईला समजावलं. ती कॉलिंग बेल सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीकडून कडुनिंब मागवला.

"आई, ही इंजेक्शनची रिअॅक्शन आहे," तो पुन्हा म्हणाला.

"तुझी अक्का अशीच होती," एवढंच त्या म्हणाल्या.

ती गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. श्रीनिवासच्या आधीची त्यांची मुलगी, कमला. त्या काळातल्या खऱ्या देवीच्या रोगात गेली, तंजावरला. सासऱ्यांनी डॉक्टरकडून बाटलीतलं औषध आणलं होतं आणि सासूबाईंनी घरच्यांची नजर चुकवून पोरीला दोन चमचे पाजलं होतं. पोर गेली. पोर रोगानेच गेली, पण घरचे म्हणाले, अम्मा रागावली. त्या बाईने ते आयुष्यभर उराशी धरलं. आता तिच्यापुढे कॉलिंग बेलची काय पत्रास.

रविवार उजाडला तो शांत. अम्मा आलेल्याला निजवतात तशी मी केळीच्या पानावर पडले होते, उशाशी कडुनिंब. दारावरची डहाळी पाहून भेटायला आलेले परस्पर मागे फिरत होते. फोडणीचा वास नाही. सासूबाई तांदळाची पातळ कंजी करून आणत होत्या, मीठ नसलेली, कोमट, माझ्या तोंडाला सोसेल अशी. शहाळ्याचं पाणी. कडुनिंबाच्या पाल्याने त्या माझ्या गालावरून हलकं हलकं फिरवत होत्या. खाज थांबत होती. कुणी मला धीर धर म्हणत नव्हतं. कुणी तंबाखूचं विचारत नव्हतं. श्रीनिवाससुद्धा दबक्या पावलांनी चालत होता.

मी किती दिवसांनी इतकी सुखात पडले होते, सांगता येत नाही. आणि मग तो विचार आला. राहू दे ना. उद्या नको जायला. तो साचा नको, ती सुई नको, ती आवडीहून रोजची ट्रेन नको. अम्मा आलीय म्हणतात, तर तसंच असू दे. मी हट्ट केला असं कुणी म्हणणार नाही. सगळा भार देवीवर.

हे लाजून सांगत नाहीये. या दुखण्यात असा एक दिवस प्रत्येकाला येतो. मरावंसं वाटत नाही. फक्त आता पुरे, असं वाटतं. ते कुणाला सांगायचं नसतं अशी आपली समजूत असते, म्हणून इथे सांगितलं.

सोमवार

सोमवारी रेडिएशन आणि इंजेक्शन दोन्ही होतं. श्रीनिवास सकाळी फाइल काखेत मारून तयार झाला आणि दारापाशी जाऊन थांबला. दारात सासूबाई बसल्या होत्या. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारखान्यात शंभर माणसं हलवणारा माणूस, पण आईला उंबऱ्यावरून उठवणं त्याच्याने होईना. कमलाअक्का त्या दोघांच्या मध्ये बसली होती ना.

"आई, उशीर होतोय," तो म्हणाला.

"अम्मा घरांत असतां कोण जातें बाहेर?"

"आई, खंड पडला तर तिची जीभ काढतील."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या उठून माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या, हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा कळलं की ही बाई हट्टाने नाही, भीतीने दारात बसलीय. माझ्यापेक्षा जास्त भ्यालीय ती. तिला दुसरी कमला नको होती.

"अम्मा," त्या मला म्हणाल्या, "तुज काय पाहिजे? तूं सांग. तूं सांगशील तसें."

मी नुसती पडून राहिले. तोंडात जखमा होत्या, बोलणं म्हणजे काचा चावणं. पण गप्प राहण्याचं खरं कारण ते नव्हतं. माझ्यापाशी उत्तरं दोन होती. "मला झोपू दे" म्हटलं असतं तर या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती मला उठवायची. केळीचं पान गार होतं. डोक्यावर पंखा होता. मला झोपायचं होतं, अगदी मनापासून.

त्या वाट पाहत होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी मला काय पाहिजे हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मीही सांगितलं नसतं म्हणा. मला एकदम वाटलं, मी झोपले आणि पुढे गेले, तर ही बाई उरलेलं आयुष्य काय म्हणून काढेल? एका पोरीला औषध दिलं म्हणून गेली, दुसरीला दिलं नाही म्हणून गेली. मग ती देवापुढे उभी तरी कशी राहील?

मी म्हणाले, "मला हॉस्पिटलात जायचंय."

शब्द धड उमटले नाहीत. मला ते पुन्हा म्हणावे लागले.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. देवीने मागितलेलं नाकारता येत नाही, हे त्यांचंच शास्त्र. मग त्यांनी दारावरची डहाळी सोडली, पदराला हात पुसले, आणि म्हणाल्या, "मीहि येतें."

जागा

आवडीच्या ट्रेनमध्ये सकाळच्या वेळी बसायला जागा मिळत नाही. त्या दिवशी मिळाली. पुढे कडुनिंबाची डहाळी धरलेली म्हातारी, तिच्यामागे पुटकुळ्यांनी भरलेल्या तोंडाची मी, मागे फाइल घेतलेला श्रीनिवास. माणसं आपोआप बाजूला झाली. एका फुलवालीने माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घ्यायला गेले तर सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं. मग मी चेन्नई सेंट्रल स्टेशन येईपर्यंत देवीसारखी बसून राहिले. रोज उभ्याने जाणाऱ्या माझ्यासाठी तेवढंही खूप होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला आणि ते खुलले. "सुपर, मॅडम! छान आलंय."

सासूबाईंना ते सहन झालं नाही. अम्मा आलेली पाहून असा हसणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवून तमिळमध्ये सगळं सांगितलं, पेशीचं दार, ती बेल, औषध बटणावर कसं बसतं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे हें औषध दारांत बसून वाईटाला आंत येऊं देत नाहीं?"

"बरोबर पाटी," डॉक्टर म्हणाले. पाटी म्हणजे आजी.

"आणि दारांत बसलें म्हणून अंगावर पुरळ?"

"अगदी बरोबर."

"तर मग अम्माच कीं," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. त्यांनी डहाळी इंजेक्शनच्या स्टँडला अडकवली. सिस्टरने पाहिलं आणि डहाळी तशीच ठेवून सलाइन जोडलं. तीही इथलीच होती.

उतार

पुढे त्या दर खेपेला आल्या. पुरळ वाढलं, मग काही आठवड्यांनी आपोआप ओसरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच होतं, कातडी सरावते, औषध चालूच आहे. ऐकायला ऐकलं. पण आरशात गाल स्वच्छ होताना पाहून मला वाटायचं, बेलवरून औषध उठलं असेल का? मी रोज कपाळावरून बोट फिरवून एखादी तरी पुटकुळी राहिलीय का ते पाहायचे.

मुरुगेसन यांचं तोंड अजून लालभडक होतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. पुढे त्याच वर्षी त्यांच्या फुफ्फुसात पसरल्याचं कळलं, आणि ते गेले. इतकं भरून पुरळ आलेला माणूस गेला. म्हणून जे या औषधावर आहेत त्यांना माझं सांगणं आहे, आरशात आपलं भविष्य वाचू नका. डॉक्टर "हे वचन नाही" म्हणतात ते वाक्यही ऐकून घ्या. मी ऐकलं नव्हतं. मला मुरुगेसन यांची अजून आठवण येते. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने आमच्या घरी मिरच्यांची एक पिशवी पाठवली होती. मला ती खाता येत नव्हती, पण टाकवलीही नाही.

गाल स्वच्छ होत असतानाची ही गोष्ट. एका सकाळी मी पाणी घ्यायला उठले. सासूबाई देवघरापुढे बसल्या होत्या, मारियम्माच्या तसबिरीसमोर. अम्माने लवकर जावं म्हणून प्रार्थना करायची असते. घरात कुणाला अम्मा आली की बायका तिला विनवतात, शांत हो, थंड हो, आता तुझ्या घरी जा. सासूबाईंनी कमलासाठी ते म्हटलं असणार, श्रीनिवासच्या कांजिण्यांत म्हटलं असणार, अपर्णाच्या वेळी तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

त्या दिवशी त्या म्हणत होत्या, "इतक्यांत जाऊं नोको, अम्मा. लेंकराचें काम होऊं दे. राहा आणखी थोडे दिवस. मी सांभाळतें तुज."

मी स्वयंपाकघरात न जाता तशीच मागे फिरले. अंथरुणात पडून खूप रडले. त्या आजारपणात मी थकून रडले होते, वेदनेने रडले होते. कुणीतरी आपल्यासाठी इतकं उलटं मागतंय म्हणून रडायची ती पहिलीच वेळ.

पाणी

शेवटचं रेडिएशन झालं. काही महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ विरली होती, जिभेवरचा चट्टाही गेला होता. ऑपरेशनची गरज नाही, डॉक्टर म्हणाले, आणि ते या वेळी हळू बोलले नाहीत. तपासणीला मात्र येत राहायचं. आता काही वर्षं होत आली, अजून जातेय. लाळ पुरती परत आली नाही, पाण्याची बाटली जवळ लागते. काही अक्षरं जड जातात. वर्गात मुलं हसतात, मी त्यांना हसू देते. थकवा अजून पूर्ण गेलेला नाही. तो जाईल असं सगळे म्हणतात.

अम्मा गेली की शेवटचं पाणी घालतात. हळद आणि कडुनिंब टाकलेलं, उन्हात तापवलेलं. माझा स्कॅन येईपर्यंत सासूबाईंनी ते घातलं नव्हतं. चेहरा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी नाही. दाराला पुन्हा बांधलेली डहाळी सुकून गेली तरी तशीच होती. शेजारणी विचारायच्या, अजून? त्या म्हणायच्या, अजून.

स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात पितळी घंगाळ उन्हात ठेवलं. दुपारी मला पाटावर बसवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, भरलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलत होती. "मी घेते ओतून," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

आमच्याकडे काय आणि तमिळमध्ये काय, निघणाऱ्याला कुणी नुसतं "जा" म्हणत नाही. जाऊन या म्हणतात. डोक्यावर पाणी ओतताना सासूबाई पुटपुटत होत्या. मी डोळे मिटले होते, तरी नीट ऐकू येत होतं.

"जा अम्मा आतां," त्या म्हणाल्या. "फार केलेंस. आतां येऊं नोको."

मग त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, आणि विचारलं, "काय खाशील?"

मी सांगितलं, फोडणीचा दहीभात.